न दिसलेलं टिंब

“पप्पा, चैत्रालीचा पुन्हा फोन आहे. पाचला कार्यक्रम सुरू होतोय आणि फाइल अजून आली नाही म्हणते.”

निहारिकाचे दोन्ही हात मोदकाच्या उकडीत होते. तिनं कोपरानं फोनचा स्पीकर लावला आणि फोन टेबलाच्या बाजूला सरकवला.

“काका, नमस्कार!” डब्लिनजवळच्या सिटीवेस्टहून चैत्रालीचा आवाज आला. आयर्लंडभर विखुरलेल्या मराठी घरांचा यंदाचा ऑनलाइन गणेशोत्सव तिच्याच अंगावर होता. “इतक्या शॉर्ट नोटिसवर करायला लावलं तुम्हाला, सॉरी हं. पण प्लीज फाइल लहान ठेवा. आज आमचं इंटरनेट इतकं स्लो आहे ना, मोठी असली तर अपलोडच नाही होणार.”

“ठेवतो बेटा लहान,” मोरेश्वरराव म्हणाले. “सारं जोडून झालं आहे. फकस्त फाइल काढाची राहिली. अर्ध्या घंट्यात धाडतो.”

“आणि काका, विद्याच्या बाबांचा व्हिडिओ शेवटी आहे ना? तिची आई कऱ्हाडहून जॉइन होणार आहे. त्यांच्याकडचे सगळेच बसणार आहेत.”

“शेवटीच ठेवला आहे. त्याच्यानंतर काही नाई.”

फोन बंद झाला. लॅपटॉपवर एक्सपोर्टची चौकट उघडी होती. मोरेश्वररावांनी चष्मा कपाळावर सरकवला, मग पुन्हा खाली घेतला आणि तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेलं. फॉरमॅट ठीक होता. चित्राची लांबी-रुंदी ठीक होती. उरला होता बिटरेट. दर सेकंदाच्या चित्राला किती जागा द्यायची, ते सांगणारा आकडा. जास्त दिला की फाइल फुगते. कमी दिला की चेहऱ्यांचं पीठ होतं. एरवी त्यांनी बारा दिले असते. घाई होती, म्हणून त्यांनी आठ द्यायचं ठरवलं. आठात चेहरा शाबूत राहतो, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. माउसनं पट्टी डावीकडे ओढत नेली, आठ दिसल्यावर बोट उचललं आणि बटण दाबलं.

काम भराभर सरकलं. जुना लॅपटॉप इतका पळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

फाइल तयार झाल्यावर सुरुवात, मध्य आणि शेवट बघायचा, हा त्यांचा जुना नियम होता. त्यांनी तिन्ही ठिकाणी बघितलं. आवाज स्वच्छ होता. चेहरे पुसट होते. पण अलीकडे त्यांना सगळ्यांचेच चेहरे पुसट दिसत. त्यांनी फाइल पाठवून दिली.

“ग्रँड,” निहारिका आतून आयरिश लोकांच्या ढंगात म्हणाली. “आता हात धुवा आणि मोदक वळायला या.”

मूर्तिजापूरला स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर ‘शोभना फोटो अँड व्हिडिओ’ असं मोरेश्वरराव गावंड्यांचं दुकान होतं. शोभना म्हणजे त्यांची बायको. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी खांद्यावर घ्यायचा व्हिडिओ कॅमेरा आणला आणि पुढची तीस वर्षं आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी, साठीशांती, गृहप्रवेश यांत गेली. दिवसा शूटिंग, मग दुकानाच्या मागच्या खोलीत जोडकाम. शोभनाताई शेजारी स्टुलावर बसून नावं टाकायच्या. वराच्या आत्याचं आडनाव चुकलं तर घरी भांडण व्हायचं, म्हणून पत्रिका तीनदा वाचायच्या. मोरेश्वररावांचं काम काही अलौकिक नव्हतं. गुलाबाच्या पाकळ्या उधळणारे, हृदयाच्या आकारात नवरा-नवरी बसवणारे व्हिडिओ तेही करत, कारण लोकांना तेच हवे असत. पण त्यांच्या कॅसेटमधे कुणाचा चेहरा कधी काळा पडला नाही की कुणाचं डोकं कापलं गेलं नाही. गर्दीतली आचाऱ्याची बाईसुद्धा ओळखू यायची. “गावंडेच्या शूटिंगमधे माणूस दिसतो,” असं लोक म्हणत, आणि तेवढंच त्यांना पुरत असे.

दोन वर्षांपूर्वी शोभनाताई गेल्या. दुकान तसंही मोबाइलनं खाल्लंच होतं. आयर्लंडमधे गॉलवेत शिकून तिथल्याच वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात लागलेल्या निहारिकानं वडिलांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. फेब्रुवारीत ते आले. मार्चमधे सगळं बंद झालं. विमानं थांबली, मुक्कामाची मुदत आपोआप वाढत गेली, आणि मोरेश्वरराव एका लहानशा भाड्याच्या घरात, समुद्राकडून सतत येणाऱ्या वाऱ्याचा आवाज ऐकत बसून राहिले.

डोळ्याचं एप्रिलमधे लक्षात आलं. समोरच्या घराची उभी पन्हळ मधेच वाकलेली दिसायला लागली. उजवा डोळा झाकला की पन्हळ जास्तच वाकायची. मग हळूहळू डाव्या डोळ्याच्या मधोमध करडा डाग आला, तव्यावर पाणी पडून सुकल्यासारखा. जूनपर्यंत त्या डोळ्यानं समोरच्या माणसाचे कान दिसत, केस दिसत, तोंड दिसत नसे. उजवा डोळा चालत होता, पण आता त्यातही रेषा डुलायला लागल्या होत्या, आणि ऑगस्टपर्यंत तिथंही मधोमध डाग धरला.

त्यांनी निहारिकाला सांगितलं नाही. ती कारखान्यातून यायची तेव्हा नाकावर मास्कचे वळ असायचे. व्हेंटिलेटरचे सुटे भाग बनत होते, सुट्या रद्द झाल्या होत्या. दवाखान्यांत साथीचेच पेशंट मावत नव्हते. चष्म्याचा नंबर बदलला असेल, घरी गेल्यावर अकोल्याला दाखवू, असं ते स्वतःला सांगत. आणि खरं म्हणजे, कुणी डॉक्टरनं नाव घेऊन काही सांगण्यापर्यंत ते काहीच नव्हतं, असंही त्यांना वाटे.

ऑगस्टमधे चैत्रालीला व्हिडिओ जोडणारं कुणीतरी हवं होतं. निहारिका सहज बोलून गेली, “माझे पप्पा तेच करायचे.” त्या संध्याकाळी मोरेश्वररावांनी गावाहून आणलेला लॅपटॉप बॅगेतून काढून पुसला. कितीतरी महिन्यांनी कुणाला तरी त्यांच्याकडून काही हवं होतं.

बरोबर पाचला निहारिकाच्या टीव्हीवर चौकटी उजळल्या. गॉलवे, डब्लिन, शॅनन. पैठण्या, कुर्ते, मागे कुणाच्या तरी मुलांची भांडणं. “मम, आय कान्ट सी एनीथिंग!” एक मुलगा ओरडत होता आणि आई त्याला मराठीतून दटावत होती. कऱ्हाडची चौकट अंधारलेली होती. दिवाणखान्यात माणसं दाटीनं बसली होती आणि मधोमध पांढऱ्या साडीत विद्याची आई, माधवीताई.

विद्या शॅननच्या औद्योगिक वसाहतीत काम करायची. तिचे वडील गुरुनाथ शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आयर्लंडमधल्या मुलांना शाडूचा गणपती कसा करायचा ते कळावं, म्हणून जूनमधे त्यांनी फोनवर व्हिडिओ करून ठेवला होता. जुलैत नवरा-बायको दोघंही आजारी पडली. दोघांना वेगवेगळ्या दवाखान्यांत नेलं. माधवीताई परत आल्या. गुरुनाथ आले नाहीत, आणि विद्याला जाताही आलं नाही. जोडायला पाठवला तेवढंच; एरवी तो व्हिडिओ विद्यानं अजून कुणाला दाखवला नव्हता. आईलाही नाही. सगळ्यांच्या सोबत बघू, एकटीनं नको, असं माधवीताईच म्हणाल्या होत्या.

फिल्म सुरू झाली. पहिल्याच नाचात मुली हलल्या की त्यांच्या अंगाचे चौकोन पडू लागले. कुणीतरी “नेटवर्क, नेटवर्क” म्हणालं. चैत्रालीनं थांबवून पुन्हा लावलं. तसंच. निहारिकानं वडिलांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे तोंड करून शांत बसले होते, आवाज ऐकत मान डोलावत.

शेवटी गुरुनाथ आले. म्हणजे त्यांचा आवाज आला. “बालमित्रांनो, आधी हात ओले करून घ्या,” असं कुणीतरी म्हणत होतं, आणि पडद्यावर तपकिरी रंगात तपकिरी रंग कालवला जात होता. हात कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते, कळत नव्हतं. वर चेहऱ्याच्या जागी फिकट चौकोन एकमेकांवर सरकत होते. “आता सोंड. सोंड वळवताना अंगठा असा ठेवायचा. दिसतोय ना?”

चौकटींमधली डोकी पडद्याजवळ सरकली.

“विद्या,” कऱ्हाडच्या चौकटीतून माधवीताईंचा आवाज आला. “हे कोण म्हणायचं गं?”

“आई, बाबाच आहेत ते.”

“आवाज त्यांचाय. पण तोंड कुठंय?”

विद्यानं स्वतःचा कॅमेरा बंद केला. गुरुनाथ बोलतच राहिले, शेवटपर्यंत. “झालं. आता सावलीत वाळू द्या. घाई करू नका.” मग चैत्राली घाईघाईनं म्हणाली, “टेक्निकल प्रॉब्लेम झाला, सो सॉरी एव्हरीवन, आरतीला सुरुवात करूया.”

आरती झाली. वेगवेगळ्या घरांतल्या टाळ्या एकमेकींना चुकवत वाजत राहिल्या. निहारिकानं टीव्ही बंद केला आणि लॅपटॉप उघडला.

“पप्पा, तुम्ही पाठवलेली हीच फाइल ना?”

“हाव. काहून?”

“नेटवर्कचा प्रॉब्लेम नाहीये. फाइलच अशी आहे.” तिनं शेवटाकडे जाऊन फिल्म थांबवली. “तुम्ही चेक केली होती ना?”

“केली ना. सुरुवात, मधात, शेवट. तिनही जागी पायली.”

“मग हे काय आहे?” तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

मोरेश्वरराव पुढे वाकले. “मातीचा गोळा आहे. गणपतीचं पोट करून राहिले ते.”

निहारिकानं बोट मागे घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, “हा त्यांचा चेहरा आहे, पप्पा. खराब आहे, पण चेहरा आहे. मला कळतोय.”

ते मागे टेकले. स्वयंपाकघरात मोदकपात्राचं झाकण थडथडत होतं. ती उठून गॅस बंद करून आली.

“आकडा वाच बरं,” ते म्हणाले. “बिटरेट म्हणून लिहिलं आहे, त्याच्यापुढे.”

तिनं शोधून वाचला. “शून्य पॉइंट आठ.”

“आठ.”

“नाही, पप्पा. शून्य पॉइंट आठ. पूर्ण एकसुद्धा नाही.”

आठाच्या आधीचं शून्य आणि ते टिंब डागात गेलं होतं. त्यांना आठ दिसला होता, आणि त्यांनी आठच समजला होता.

“किती दिवसांपासून दिसत नाहीये?” तिनं विचारलं.

“दिसते बेटा. सारं दिसते. फकस्त मधातलं नाई दिसत.”

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून रडायला लागली. त्यांना तिचा भांग दिसत नव्हता. दोन्ही बाजूंचे खांदे तेवढे हलताना दिसत होते. “तू ड्युटीवरून येत होती, तुयं तोंड पाहून मले सांगवलंच नाई,” ते म्हणाले, आणि मग, जरा थांबून, “तोंड तरी कुठी दिसून राहिलं होतं म्हना.”

तिनं हसावं म्हणून ते बोलले होते. कुणी हसलं नाही.

पुढच्या आठवड्यात गावातल्या चष्म्याच्या दुकानात तपासणी झाली. तिथल्या तरुण मुलीनं डोळ्यात बघितलं, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, आणि तिचा बोलका आवाज एकदम हळू झाला. तिनं त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या डॉक्टरनं मास्कआडून सावकाश समजावलं आणि निहारिकानं मराठीत सांगितलं. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी, जिथं बारीक बघण्याची सगळी ताकद असते, तिथं रक्तवाहिन्या फुटत होत्या. डावा डोळा गेला होता. कडेकडेचं दिसत राहील, मधलं परत यायचं नाही. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं देता येतील; त्यानं आहे तेवढं कदाचित टिकेल.

“विचार तिले,” मोरेश्वरराव म्हणाले, “एप्रिलमधे आलो असतो तर?”

निहारिकानं विचारलं नाही. “ती म्हणते, तसं सांगता येत नाही,” असं ती म्हणाली. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिली.

इंजेक्शन दिल्यावर दोन दिवस डोळा लाल होता. ते पलंगावर पडून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विद्याला फोन लावून द्यायला सांगितलं.

“बेटा, मी गावंडे बोलतो. ती चूक माही होती. नेटवर्कची नाई, माहीच. मले पुन्हा करून देऊ दे.”

 “काका, मला माहीत आहे आता, निहारिकानं सांगितलं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.” विद्याचा आवाज मवाळ होता, पण लांबचा. “आणि मी आईला माझ्या फोनवरचा पाठवला नंतर. तो पण तसा क्लिअर नाहीये. बाबांनी व्हॉट्सॅपवर पाठवला होता ना.”

“व्हॉट्सॅपनं चेपून धाडला असन. मूळचा त्यायच्या फोनमधे असन. तो फोन आहे का?”

“आईकडे आहे. ती अजून चार्ज करते रोज.”

मोरेश्वररावांनी कऱ्हाडला फोन लावला. आधी दोघंही अवघडले. मग त्यांनी फोनमधलं कुठलं बटण दाबायचं, व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून कसा पाठवायचा, म्हणजे तो वाटेत चेपला जात नाही, हे एकेक पायरी सांगितलं. माधवीताई मोठ्यानं वाचत होत्या, चुकत होत्या, पुन्हा मागे जात होत्या.

“लागला का बघा गोल फिरायला?”

“लागला, दादा.”

“आता त्याले तसाच राहू द्या. टाइम लागन.”

फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

“ताई,” ते म्हणाले, “त्या दिवशी तुमच्या घरी इतके मानसं बसले होते. मले क्षमा करा.”

“असं नका म्हणू. डोळ्याचं दुखणं तुम्ही काय मागून आणलंय का?” माधवीताई थांबल्या. “एक गोष्ट सांगू का? तुम्हाला लागावी म्हणून न्हवं. आमचे थोरले दीर, मोहनभाऊजी, त्या दिवशी माझ्या शेजारीच बसले होते. ह्यांना त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलेलं. दवाखान्यात भेटू दिलं नव्हतं, नंतर तोंडही बघू दिलं नव्हतं. म्हणून आले होते, की व्हिडिओत तरी दिसंल. गेल्या आठवड्यात तेही गेले. त्याच आजारानं.”

मोरेश्वररावांनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

“तेवढंच बघून गेले बघा,” माधवीताई म्हणाल्या. “पण घरी जाताना म्हणाले होते, आवाज मात्र आपल्या गुरूचा होता. आता करा तुम्ही नीट. मला बघायचाय.”

फोन ठेवल्यावर ते परसात जाऊन उभे राहिले. वाऱ्यानं दोरीवरचे कपडे एकमेकांत गुंतले होते. ते त्यांनी सोडवायला घेतले आणि नुसतेच धरून उभे राहिले. निहारिकानं काचेतून बघितलं. बाहेर गेली नाही.

रविवारी दोघं टेबलाशी बसली. तिच्या हातात माउस, त्यांचे हात स्वतःच्या मांडीवर.

“चेहऱ्यावर उजेड कसा आहे?”

“डावीकडून येतोय. खिडकी असेल. उजवा गाल जरा अंधारात आहे.”

“राहू दे. जास्त उजळला की मानूस खोटा दिसते. माती कोनत्या रंगाची दिसते?”

“राखाडी. थोडी हिरवट.”

“मंग हिरवा थोडा कमी कर. शाडू हिरवा नसते.” ते थांबले. “झाला? आता हाताचा रंग पाय. बिघडला तर नाई ना?”

तिनं सगळं सांगितलं. नखं कापलेली आहेत. मनगटावर घड्याळाचा पट्टा उमटलाय, घड्याळ काढून ठेवलं असणार. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलीय. शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाचं आहे. आपण एवढं बारकाईनं कधी कुणाकडे पाहिलं नव्हतं, असं तिला वाटलं.

मोरेश्वररावांनी कुठेही कात्री लावली नाही. सुरुवातीला गुरुनाथ कॅमेरा नीट लागलाय की नाही ते वाकून बघतात, पुन्हा मागे जातात, शर्ट खाली ओढतात. तो भाग गणेशोत्सवासाठी त्यांनी काढून टाकला होता. आता तो ठेवला. नावं टाकली नाहीत, संगीत घातलं नाही.

शेवटी चौकट उघडली.

“मूळ फाइलचा बिटरेट किती आहे?”

“सतरा.”

“मंग वीस दे.”

“पप्पा, मूळचा सतरा असताना वीस कशाला? जास्त देऊन चित्र सुधारत नाही ना?”

“सुधरत नाई. पन पुन्हा काढताना थोडं गळते. गळाले जागा ठेवाव.” ते म्हणाले. “फाइल मोठी झाली तर होऊ दे. आपन घेऊन जाऊ.”

लॅपटॉप या वेळी खूप वेळ घरघरत राहिला. पूर्ण झाल्यावर निहारिकानं सुरुवात, मध्य आणि शेवट बघायला घेतलं. “नाई,” ते म्हणाले, “सारा पाय.” तिनं सगळा बघितला.

सप्टेंबरअखेर ती दोघं गाडीनं शॅननला गेली. आभाळ उतरून आलेलं होतं आणि शेतांच्या दगडी कुंपणांमधे पाणी साचलं होतं. विद्या विमानतळाकडच्या वसाहतीत, जुन्या दुमजली घरांच्या रांगेत राहायची. तिनं दार उघडलं, मागे सरकून उभी राहिली, हात जोडले. खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या म्हणून खोली गार होती. शोकेसवर वीतभर उंचीचा, ओबडधोबड शाडूचा गणपती होता. बाकी सगळ्यांच्या गणपतींचं विसर्जन झालं तरी तिनं तो ठेवून घेतला होता.

“मी केला,” ती म्हणाली. “सोंड दोनदा तुटली.”

तिनं चहा केला. फोन टेबलावर उभा करून कऱ्हाडला लावला. या वेळी तिथं गर्दी नव्हती. माधवीताई एकट्याच होत्या, भिंतीला टेकून. निहारिकानं पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला आणि दिवा मालवला. माधवीताईंकडच्या गुरुनाथांच्या फोनवर ती फाइल आधीच पाठवली होती. दोघींनी एकदमच सुरू करायचं ठरवलं होतं.

गुरुनाथ वाकून कॅमेऱ्यात बघत होते. मागे गेले. शर्ट ओढला.

विद्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. फोनमधून माधवीताई म्हणाल्या, “बटण मीच लावलेलं ते. निळं सापडलं न्हाई म्हणून काळं.”  ओले हात मातीवर फिरत होते, मातीत बोटांच्या रेषा उमटत होत्या आणि पुढच्या बोटानं पुसल्या जात होत्या. गुरुनाथ बोलता बोलता खोकले. माफ करा म्हणाले. तेव्हा तो नुसता खोकला होता.

विद्यानं डोळे पुसले आणि शेजारी पाहिलं. मोरेश्वरराव टीव्हीकडे बघतच नव्हते. हनुवटी वळवून ते सरळ खिडकीकडे तोंड करून बसले होते. बाहेर गाड्या उभ्या करायची ओली जागा होती आणि एक रिकामी ट्रॉली वाऱ्यानं थोडी थोडी सरकत होती.

“काका,” ती हळूच म्हणाली, “टीव्ही इकडे आहे.”

निहारिका काही सांगायला पुढे झाली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

“समोर पाहिलं की ते जातात बेटा,” ते म्हणाले. “असं पाहिलं की थोडेसे दिसतात.”

विद्यानं खुर्ची जरा मागे घेतली, त्यांच्या आणि पडद्याच्या मधे आपण येऊ नये म्हणून. नजरेच्या कडेला, जिथं अजून उजेड पोचत होता, तिथं एक माणूस मान खाली घालून सोंड वळवत होता. मोरेश्वरराव खिडकीकडे तोंड करून, मान जराही न हलवता, त्याला बघत राहिले.